खरेदीखत तुमचं, कुलूप दुसऱ्याचं: गुंतवणुकीसाठी घेतलेल्या जागेचा ताबा

महाराष्ट्रातलं जवळपास कुठलंही खरेदीखत उघडा, शेवटच्या पानांत एक वाक्य हमखास सापडतं: 'सदर मिळकतीचा प्रत्यक्ष, रिकामा व शांततामय ताबा लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस आज रोजी दिला असे.' दस्त तयार करणाऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये ते कायमचं बसलेलं असतं. फ्लॅटमध्ये भाडेकरू स्वयंपाक करत असला तरी ते छापून येतं. दुय्यम निबंधक माणसांची ओळख, मुद्रांक शुल्क आणि कागद पाहतो. जागेवर जाऊन दार वाजवणं हे त्याचं काम नाही.

राहायला घर घेणाऱ्याला हा घोळ त्याच दिवशी कळतो, कारण तो किल्ली घेतो, दूध उतू घालतो आणि राहायला लागतो. गुंतवणूकदाराचं तसं नसतं. तो पुण्यात बसून नाशकाला गाळा घेतो, किंवा दुबईत बसून ठाण्यात फ्लॅट. दस्ताची प्रत फाइलला लागते आणि दार कोण उघडतंय हे सहा महिन्यांनी कळतं. म्हणून मालकी आणि ताबा या दोन वेगळ्या खरेद्या आहेत असं धरून चाललेलं बरं. पहिलीची किंमत दस्तावर लिहिलेली असते. दुसरीची आपणच काढायची असते, आणि ती दस्तावर सही करण्याआधी काढायची असते.

बँकेच्या लिलावातली मिळकत

ताब्यावरून सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती इथे, म्हणून यावर जरा जास्त बोलू.

कर्ज थकलं की बँक सरफेसी कायद्याखाली (२००२), म्हणजे तारण मिळकत विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याखाली, कारवाई सुरू करते. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकून खातं अनुत्पादित ठरलं की कलम १३(२) ची मागणी नोटीस निघते. त्यात ६० दिवसांची मुदत असते. पैसे आले नाहीत तर कलम १३(४) खाली बँक 'ताबा' घेते. अवतरणात लिहिलं, कारण हा ताबा बहुतेक वेळा दारावर चिकटवलेला एक कागद असतो. तीच ताबा सूचना ७ दिवसांच्या आत दोन वृत्तपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. आत कर्जदाराचं कुटुंब राहत असतं, टीव्ही चालू असतो, आणि कागदोपत्री जागा बँकेच्या 'सांकेतिक ताब्यात' आलेली असते.

लिलावाची जाहिरात वाचताना राखीव किमतीच्या (म्हणजे बोलीच्या किमान किमतीच्या) आधी हा एक शब्द शोधा: सांकेतिक की प्रत्यक्ष. प्रत्यक्ष ताबा म्हणजे पंचनामा झालाय, सामान बाहेर काढलंय, बँकेचं कुलूप आणि सील लागलंय. सांकेतिक म्हणजे यातलं काहीच झालेलं नाही. त्याच जाहिरातीत खाली 'जसे आहे जेथे आहे' अशी ओळ असते. तिचा व्यवहारातला अर्थ असा की सोसायटीची थकबाकी, घरपट्टी, आतला माणूस, सगळं तुमच्या गळ्यात.

पुढचं वेळापत्रक फार घट्ट आहे. विक्रीची नोटीस निघाल्यापासून लिलावापर्यंत पहिल्या वेळी ३० दिवस मिळतात. बोली लावायला साधारण राखीव किमतीच्या १० टक्के अनामत ठेवावी लागते. बोली लागली की त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, अनामत धरून २५ टक्के भरायचे. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मुदत वाढवून दिली तर जास्तीत जास्त तीन महिन्यांत. इथेच पहिली ठेच लागते. जागा सांकेतिक ताब्यातली असेल तर दुसरी बँक त्यावर कर्ज द्यायला कचरते, दिलं तरी १५ दिवसांत देत नाही. पैसे वेळेत भरले नाहीत तर आधीचे २५ टक्के जप्त होतात, आणि सगळेच्या सगळे होतात. त्यात दया दाखवायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केलं आहे. 'बघू, होईल सोय' म्हणून बोली लावणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पैसे भरले, विक्री प्रमाणपत्र हातात आलं. आता आतल्या माणसाला काढायचं कोणी? कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांच्याकडे अर्ज करून प्रत्यक्ष ताबा घेता येतो. मात्र हा अर्ज बँकेने करायचा असतो, तुम्ही नाही. आदेश ३० दिवसांत, कारणं नोंदवून फार तर एकूण ६० दिवसांत द्यावा असं कायदा सांगतो. पण ही मुदत पाळली गेली नाही म्हणून आदेशाचा अधिकार संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटलं. थोडक्यात, ६० दिवस ही अपेक्षा समजा, हमी समजू नका. आदेशानंतरही तो तहसील कार्यालयात जातो, तारीख लागते, पोलीस बंदोबस्त मागवला जातो. सण, निवडणुका किंवा मोर्चा आला की बंदोबस्त मिळत नाही आणि तारीख पुढे जाते. कर्जदार मध्येच कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाऊन स्थगिती मिळवू शकतो. त्यासाठी त्याला ४५ दिवसांची मुदत असते, आणि बँकेच्या प्रत्येक नव्या पावलावर तो नवी तक्रार घेऊन उभा राहायचा प्रयत्न करतो.

एकदा विक्री झाली की बँकेचा संबंध संपला, मग कलम १४ चा अर्ज ती कशी करणार, असा युक्तिवाद पूर्वी जोरात चालायचा. त्याचा निकाल गोव्यातल्या एका हॉटेलावरून लागला. दक्षिण गोव्यात आरोशी इथलं ब्लू कोस्ट कंपनीचं पंचतारांकित हॉटेल २०१५ च्या लिलावात आयटीसीने सुमारे ५१५ कोटी रुपयांना घेतलं. धनकोकडे, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेकडे, तेव्हा सांकेतिक ताबाच होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९ मार्च २०१८ ला निकाल लागला: विक्रीनंतरही प्रत्यक्ष ताबा मिळवून देण्यासाठी धनकोला कलम १४ चा आधार घेता येतो. ताबा सोडायला आधीच्या मालकाला आणखी सहा महिने दिले गेले. आयटीसीसारख्या खरेदीदाराला, वकिलांची फौज असताना, तीन वर्षं लागली. तुमच्या दोन बीएचकेला किती लागतील याचा अंदाज बांधताना हे लक्षात असू द्या. निकाल मात्र आपल्या कामाचा आहे. 'आता आमचा संबंध नाही, तुम्हीच बघा' असं बँकेचा अधिकारी म्हणाला तर त्याच्यासमोर हाच ठेवायचा. त्याहून बरं म्हणजे बोलीच्या आधीच बँकेला पत्र लिहून विचारावं: कलम १४ चा अर्ज केलाय का, आदेश झालाय का, क्रमांक काय, न्यायाधिकरणात काही दावा चालू आहे का. उत्तर लेखीच घ्या. फाइल हाताळणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झाली की तोंडी बोललेलं सगळं त्याच्याबरोबर जातं.

आत कर्जदाराऐवजी भाडेकरू असेल तर प्रकरण आणखी वेगळं. भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या खऱ्या भाडेकरूला सरफेसीच्या जोरावर सरळ बाहेर काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितलं. नंतर २०१९ मध्ये त्याला लगाम घातला: केवळ तोंडी किंवा नोंदणी नसलेल्या कागदावर भाडेकरू म्हणवणाऱ्याला तितकं संरक्षण नाही. नोटीस आल्यावर मेव्हण्याच्या नावाने मागच्या तारखेचा भाडेकरार तयार होणं ही फार जुनी युक्ती आहे. ती पकडायची तर कराराची नोंदणी, भाडं बँक खात्यात जमा झाल्याचा पुरावा आणि सोसायटीकडची भाडेकरू-नोंद, एवढं पाहिलं तरी पुरतं.

आता हिशेब. समजा ७५ लाखांचा फ्लॅट लिलावात ६० लाखांना मिळाला. १५ लाख वाचले असं वाटतं. ताबा मिळायला १८ महिने लागले. ६० लाखांवर वर्षाला ९ टक्क्यांनी महिना ४५ हजार व्याज, म्हणजे ८ लाख १० हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना ४ हजार धरून ७२ हजार. जुनी थकबाकी २ लाख ४० हजार. वकील दीड लाख. आत शिरल्यावर नळ, बेसिन, स्विचबोर्ड उखडून नेलेले. दुरुस्तीचे दीड लाख. बेरीज १४ लाख २२ हजार. मुद्रांक शुल्क यात धरलेलंच नाही, कारण ते कुठेही भरावंच लागलं असतं. सांकेतिक ताब्यातली जागा घेऊच नये असं नाही. बाजारभावापेक्षा २० टक्के कमी हा आकडा तिच्यासाठी पुरेसा नाही, एवढंच.

भाडेकरूसकट फ्लॅट

'भाडं चालू आहे, पहिल्या महिन्यापासून उत्पन्न' अशी जाहिरात गुंतवणूकदाराला गोड वाटते. आत राहणारा नेमका कोण आहे यावर सगळं अवलंबून आहे.

पागडीचा भाडेकरू असेल तर ती खरेदी वेगळ्याच जातीची आहे. त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं पूर्ण संरक्षण आहे आणि भाडं वर्षाला ४ टक्क्यांनीच वाढतं. त्या इमारतीत पैसे घालायचे ते पुनर्विकासाच्या आशेवर, ताब्याच्या नव्हे.

लिव्ह अँड लायसन्सवाला असेल तर कायदा मालकाच्या बाजूने आहे, पण करार नोंदवलेला हवा. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि जबाबदारी मालकाची. मुदत संपून लायसन्सधारक निघाला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे लेखी करार हाच निर्णायक पुरावा मानला जातो. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत बचावाची परवानगी मागितली नाही तर अर्जातलं म्हणणं मान्य केलं असं धरतात. आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. दिवाणी दाव्याच्या मानाने हा रस्ता कितीतरी जवळचा.

यात दोन खाचखळगे आहेत. कलम २४ फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला लागतं. दुकानाचा गाळा किंवा ऑफिस असेल तर मुंबई-पुण्यात लघुवाद न्यायालयाची पायरी चढावी लागते आणि काळाचं गणित बदलतं. दुसरा खळगा बारीक आहे. त्या कलमात 'मालक' म्हणजे कोण हे सांगताना मालकाच्या मृत्यूनंतर येणाऱ्या वारसाचा स्पष्ट उल्लेख आहे, खरेदीदाराचा नाही. या फटीत पाचर मारायला समोरच्या वकिलाला वेळ लागत नाही. म्हणून जुन्या मालकाच्या करारावर विसंबून राहू नका. खरेदीच्या दिवशीच लायसन्सधारकाकडून जुना करार संपल्याचं लेखी घ्या आणि आपल्या नावाने नवा करार नोंदवा. डिपॉझिट कोण परत करणार तेही तिथेच ठरवा. दीड लाख डिपॉझिट जुन्या मालकाकडे आणि ते मागणारा तुमच्या दारात, असं व्हायला नको. ती रक्कम विक्रीच्या किमतीतून वळती करून घ्यायची.

विकणारा स्वतःच 'मुलाची परीक्षा होऊ दे, दोन महिने राहू द्या' म्हणतो तेव्हाही हाच मार्ग. माणुसकी जरूर दाखवा, पण दोन महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स नोंदवून. शिवाय किमतीतले दोन-तीन लाख मागे ठेवा. तोंडी दिलेल्या दोन महिन्यांची दोन वर्षं झाली तर हातात मालक म्हणून दिवाणी दावाच उरतो.

नोटरी करून ताबा

'आत्ता पाच लाख द्या, ताबा घ्या, खरेदीखत नंतर करू' हा प्रकार गुंठेवारीच्या जागांत आणि गावठाणात सर्रास चालतो. साठेखताच्या, म्हणजे पुढे विकण्याच्या कराराच्या, जोरावर घेतलेल्या ताब्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३अ चं संरक्षण मिळायचं; २००१ च्या दुरुस्तीनंतर तो करार नोंदणीकृत असेल तरच मिळतं. आणि ताबा दिल्याचं साठेखतात लिहिलं की महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद २५ प्रमाणे ते खरेदीखत समजून पूर्ण शुल्क लागतं. म्हणजे शंभर-पाचशेच्या कागदावरची नोटरी ना ताबा वाचवते ना शुल्क. कुलमुखत्यारपत्रावर 'विकलेल्या' जागेची मालकी जात नाही, हे तर २०११ पासून ठरलेलंच आहे.

बिल्डरकडून ताबा

इथे एकच कागद बघायचा: भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला ओसी म्हणतात ते. बिल्डर 'फिट-आऊटसाठी ताबा' देतो तेव्हा ओसी यायची असते. किल्ली घेतलीत की त्याच्या दृष्टीने ताबा दिला गेला, मेंटेनन्स सुरू झाला आणि उशिराबद्दलचा तुमचा दावा ढिला पडला. ओसीशिवाय पाण्याची कायम जोडणी अडते, पुढचा खरेदीदार बिचकतो, आणि त्याच्या बँकेचा वकील पहिला प्रश्न त्याचाच विचारतो. महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर ओसी चढवली आहे का, ती तुमच्या विंगची आणि मजल्याची आहे का ते बघा. अंशतः ओसी ही खालच्या मजल्यांपुरतीही असते.

ताब्याची तारीख म्हणजे तुमच्या करारात लिहिलेली. महारेराकडे बिल्डरने नंतर कळवलेली वाढीव तारीख तुमचा करार बदलत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं. त्या तारखेनंतर रेराच्या कलम १८ प्रमाणे दोन पर्याय आहेत: पैसे व्याजासह परत, किंवा थांबून दर महिन्याला व्याज. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (कर्जाच्या मूळ व्याजदरापेक्षा) २ टक्के जास्त. ओसी आल्यावर मात्र ताबा घेणं तुमच्यावरही बंधनकारक आहे, दोन महिन्यांच्या आत. भाव पडलेत म्हणून किल्ली टाळत बसणाऱ्याला ही बाजू माहीत नसते. बांधकामातला दोष ताब्यापासून ५ वर्षांत कळवला तर बिल्डरने तो फुकट दुरुस्त करायचा असतो. म्हणून ताबा पत्रावरची तारीख खरीच हवी, मागची-पुढची नको.

जमीन

जमिनीला दार नसतं, म्हणून तिचा ताबा ओळखायला कागद आणि पाय दोन्ही लागतात. सातबाऱ्यावर खातेदाराचं नाव बघून लोक थांबतात. 'इतर हक्क' हा रकाना मात्र वाचायचा राहतो. तिथे कुळाचं नाव असेल तर तिथेच थांबा. १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे कृषक दिनी, कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं, आणि त्या काळच्या नोंदी आजही व्यवहार उलटवतात. गाव नमुना बारामध्ये पीक कोणी घेतलं तेही बघा. फेरफार मंजूर झाला म्हणजे ताबा मिळाला असं नाही. ती महसुली नोंद आहे.

मग भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, शेजाऱ्यांना नोटिसा जाऊन. 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, आली की हद्दीचे दगड त्याच आठवड्यात रोवा, कुंपण घाला. मोजणी करून दोन पावसाळे नुसतं बसलं की खुणा जातात आणि बांध हात-दोन हात सरकतो. कोणी वाट अडवली किंवा तुम्हाला जमिनीवरून हुसकावलं तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण घटनेपासून ६ महिन्यांच्या आत.

आत माणूस घुसला तर

सहा महिने हा आकडा इथेही आहे. तुमचा ताबा कोणी बेकायदा काढून घेतला तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ६ महिन्यांत दावा लावा. तिथे मालक कोण हे न बघता ताबा कोणाचा होता एवढंच बघतात. हे कलम दुधारी आहे. मालक म्हणून तुम्हीच रात्री जाऊन भाडेकरूचं कुलूप तोडलंत तर तोच त्याच कलमाखाली परत आत येतो, वर फौजदारी तक्रार वेगळी. पोलीस बऱ्याचदा 'दिवाणी बाब आहे' म्हणून हात झटकतात. भांडण मारामारीपर्यंत जाईल अशी स्थिती असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४५) कार्यकारी दंडाधिकारी ताबा कोणाचा ते तात्पुरतं ठरवतात.

सहा महिने गेले तरी मालकी हक्कावर दावा करता येतो, १२ वर्षांपर्यंत. त्यानंतर विरोधी ताब्याचा प्रश्न येतो: १२ वर्षं उघडपणे, अखंड आणि मालकाचा हक्क नाकारून जागा वापरणारा २०१९ च्या निकालानंतर स्वतःच दावा लावूनही मालकी मागू शकतो. परवानगीने राहणाऱ्याला मात्र हे लागू नाही. परदेशी राहणाऱ्यांनी गावाकडच्या घरात चुलतभावाला ठेवलं असेल तर 'माझ्या परवानगीने राहतोस' असं एक पत्र आणि त्यावर त्याची सही घेऊन ठेवावी. नातं बिघडेल म्हणून लोक हे टाळतात. पुढे कोर्टात उभं राहून ते जास्त बिघडतं.

किल्लीच्या दिवशी

जागा बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याकडून मागच्या १२ महिन्यांची वीजबिलं मागा. बिलावर नाव कोणाचं, युनिट किती. 'बंद आहे' म्हणालेल्या फ्लॅटचं दीडशे युनिट बिल येत असेल तर आत कोणीतरी राहतंय. सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, आणि वॉचमनला तर नक्कीच. पार्किंगला स्टिकर कोणाच्या गाडीवर आहे हे त्याला पाठ असतं.

शेवटचा चेक आणि किल्ल्या एकाच टेबलावर बदलायच्या, आणि ते टेबल शक्यतो त्याच फ्लॅटमधलं असावं. ताबा पावती वेगळी करा: किल्ल्या किती, वीजमीटरचा क्रमांक आणि त्या दिवसाचं रीडिंग, पंखे-गिझर काय राहिलं, दोन साक्षीदार. खोल्यांचे फोटो काढा. मुख्य दाराचं लॅच त्याच संध्याकाळी बदलून घ्या, कारण जुन्या किल्लीच्या किती प्रती कोणाकोणाकडे आहेत हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.